डावखुरी दुनळी

आर्डिस मेटलरला कोणी 'जपून' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. म्हणणारा डॉक्टर असो, पाद्री असो की पोटचा पोरगा असो. गेल्या मार्चमध्ये धान्याच्या कोठीच्या शिडीवरून तिचा पाय निसटला, उजव्या खांद्यातले स्नायू फाटले, शस्त्रक्रिया झाली आणि तेव्हापासून हा शब्द तिला दिवसातून दहा वेळा ऐकावा लागत होता. वय सत्तर. त्यातली चौतीस वर्षं तिने दक्षिण डकोटाच्या मातीच्या रस्त्यांवर शाळेची बस चालवलेली. एकदा हिमवादळात सतरा मुलांना घेऊन ती पाच तास अडकून पडली होती, आणि एकाही मुलाला तिने रडू दिलं नव्हतं. अशा बाईला लोक आता पायरी उतरताना हात द्यायला धावत होते आणि ती त्यांच्या हाताकडे असं बघायची की हात आपोआप मागे जायचा.

आर्डिसला नाद एकच, पण तो पक्का. संगणकावरच्या लिलावांत ती जुन्या दुनळी बंदुका घ्यायची. नवऱ्याचा, डेल्मरचा, हा नाद नव्हता हे आधी सांगून टाकलं पाहिजे, कारण गावात सगळे तसंच समजतात. डेल्मर जन्मभर एका दुकानी बंदुकीवर खूश होता. तो नऊ वर्षांपूर्वी गेला. आर्डिसची पहिली लिलावातली बंदूक त्याच्याही सहा वर्षं आधीची आहे, आणि ती आली तेव्हा डेल्मर म्हणाला होता, "ही भिंतीवर टांगायची का?" लिलावात अशा बंदुकांखाली लिहिलेलंच असतं तसं. भिंतीसाठी उत्तम. शोभेची वस्तू.

"भिंतीवर कधी रानकोंबडा उठलाय का?" आर्डिसने विचारलं होतं.

दस्त्याला चीर, नळीला गंज, एक चाप आळशी, अशा बंदुका ती मुद्दाम शोधायची. सात-आठ चित्रं मोठी करकरून तासन् तास बघायची. घ्यायची, उघडायची, साफ करायची, नळ्या दोरीला टांगून बोटाच्या पेराने वाजवायची. स्वच्छ घणघणल्या तर जोड शाबूत. थप्प आवाज आला तर कुठेतरी सुटलाय. मग ऑक्टोबरमध्ये तीच बंदूक घेऊन शिकारीला मक्यात उतरायची. चौदा बंदुका तिने अशा भिंतीवरून खाली उतरवल्या.

डॉक्टरने शस्त्रक्रियेनंतर सांगितलं, "बारा बोअरच्या बंदुकीचा धक्का आता या खांद्याला नको. तुम्ही बंदूकच सोडलीत तर फार बरं." आर्डिसने यातलं पहिलं वाक्य ऐकलं. बाराची नको. ठीक आहे, सोळा बोअरची घेऊ, तिची नळी बारीक. हलकी, जुन्या मापाची, आखूड काडतुसं खाणारी, धक्का कमी देणारी. अशा बंदुका युरोपातून पूर्वी आलेल्या असतात आणि त्यांची काडतुसं घरी भरावी लागतात म्हणून त्या कोणाला नको असतात.

हे सगळं तिचं मनातल्या मनात चाललेलं असताना ऑगस्टमध्ये तिचा मुलगा कर्बी एक खुर्ची घेऊन आला.

घडीची खुर्ची होती. हाताशी कॉफीचा पेला ठेवायला गोल खाच होती. पाठीला नारिंगी पट्टी शिवून घेतली होती, शिकारीत दुरून दिसावी म्हणून.

"तुझ्यासाठी आणली, आई," कर्बी म्हणाला. "ओपनिंगला उपयोगी पडेल."

आर्डिसने खुर्चीची घडी घातली आणि ती दाराबाहेर नेऊन ठेवली. कर्बी काय ते समजला. तो बर्फाच्या चहाचा अर्धा पेला तसाच ठेवून निघून गेला.

ही खुर्ची म्हणजे काय, ते सांगायला हवं. ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी फेझंटची, म्हणजे मक्यात दडणाऱ्या लांब शेपटीच्या रानकोंबड्यांची, शिकार सुरू होते, आणि त्या पहिल्या दिवसाला सगळे ओपनिंग म्हणतात. सरकारने वेळ आता सकाळी दहाची केली आहे, पण मेटलरांच्या शेतावर अजून दुपारी बाराच्या ठोक्याला सुरुवात होते, कारण डेल्मरच्या बापाच्या वेळेपासून तसंच आहे. लोक दोन प्रकारचे. हाकारे रांगेने मक्यातून चालत पक्षी उठवतात. नाकेवाले शेताच्या पलीकडच्या टोकाला उभे राहतात, पळून जाणारा पक्षी अडवायला. नाक्यावर लहान मुलं असतात, पाय मोडलेले असतात आणि म्हातारे असतात. मुलं मोठी होऊन रांगेत येतात, मोडलेले पाय बरे होतात. पण एकदा वयाने खुर्चीवर बसलेला माणूस पुन्हा मक्यात शिरलेला मेटलरांच्या शेतावर कोणी पाहिलेला नाही. पहिल्या वर्षी त्याच्या मांडीवर बंदूक असते. दुसऱ्या वर्षी पांघरूण असतं. तिसऱ्या वर्षी तो घरूनच विचारतो, किती मिळाले रे.

आर्डिसने ती खुर्ची कोठारात उलटी टांगली आणि संगणक उघडला.

तिला हवी ती बंदूक तिला चौथ्या दिवशी दिसली. बेल्जियमची, सोळाची, नव्वद वर्षांची, वजनाने पावणेसहा पौंड. कारागिराचं नाव कोणी ऐकलेलं नव्हतं, म्हणून कोणी बघतही नव्हतं. विकणारी ओहायोमधली एक बाई होती, मामाचं घर रिकामं करत होती, आणि तिने सरळ लिहून टाकलं होतं की मला बंदुकीतलं काही कळत नाही. आर्डिसने तिला फोन लावला.

"तुमच्याकडे शिवणकामाची टेप आहे का?"

"आहे की," बाई म्हणाली. "पण तुम्ही कोण?"

मग पाऊण तास त्या बाईकडून आर्डिसने मोजमापं करवून घेतली. दस्त्याची लांबी. नळीचं तोंड. चापाच्या मागे लाकडाला चीर आहे का, नख फिरवून बघा. नळीतून दिव्याकडे बघा, आत काळे ठिपके दिसतात का. दोन्ही चाप रिकामे ओढू नका, मध्ये लाकूड धरा. शेवटी ती बाई म्हणाली, "बाई गं, माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या सासूने एवढी चौकशी केली नव्हती." दोघी हसल्या.

एक प्रश्न आर्डिसने विचारला नाही. तो तिला सुचणंच शक्य नव्हतं, आणि तेच पुढे नडलं.

लिलाव संपायची वेळ रविवारी दुपारी साडेबाराची होती. त्या वेळी आर्डिस चर्चच्या तळघरात होती आणि समोर ताटात बटाट्याचं सॅलड, मटणाच्या तळलेल्या चिसलिकच्या काड्या आणि मनुकांचं कुचन, म्हणजे मलई घातलेला जर्मन केक, होतं. फोन मांडीवरच्या रुमालाखाली. दुसरा कोणीतरी शेवटच्या मिनिटाला जागा झाला. या लिलावांत शेवटच्या घटकेला बोली लागली की पंधरा मिनिटं वाढतात. पुन्हा लागली की पुन्हा पंधरा. पाद्रींनी जेवणानंतरची प्रार्थना सुरू केली तेव्हा सगळ्यांची डोकी खाली गेली. आर्डिसचंही गेलं, सगळ्यांपेक्षा जास्त खाली.

"आमेन," सगळे म्हणाले.

"मिळाली!" आर्डिस म्हणाली.

पाद्रींनी तिच्याकडे बघितलं. आर्डिसने त्यांना कुचनचा तुकडा वाढला.

लिलावाची बंदूक थेट घरी येत नाही. ती परवानेवाल्या दुकानात येते, तिथे सरकारी अर्ज भरायचा, दुकानदाराने फोन लावून माणूस नीट आहे ना ते विचारायचं, मग ती ताब्यात. गावातला परवाना वर्लिनकडे. पुढे खिळे-मोळे, मागे बंदुका आणि मधल्या टेबलावर कॉफी पीत बसलेले गावातले रिकामटेकडे. वर्लिन आर्डिसच्या वर्गात होता. साठ वर्षं तो तिची थट्टा करत आला होता आणि साठ वर्षं बदल्यात दुप्पट खात आला होता.

"आलं तुझं भंगार," खोकं पुढे सरकवत वर्लिन म्हणाला. "नळीत उंदीर निघाला तर तो माझा नाही."

आर्डिसने बंदूक काढली, मधोमध उघडून बघितली, मिटली आणि खांद्याला लावली. लावली आणि थबकली. पुन्हा लावली. दस्ता गालाला ढोसत होता आणि डोळा नळीच्या बाजूला पडत होता. तिने बंदूक समोर धरून मागून एक डोळा मिटून बघितलं. दस्ता सरळ नव्हता. डावीकडे वळवलेला होता.

आमच्याकडच्या बंदुकांचे दस्ते सरळ असतात. उजव्याने धरा, डाव्याने धरा, बंदूक विचारत नाही. युरोपातले कारागीर मात्र गिऱ्हाइकाच्या गालासाठी लाकूड वळवून द्यायचे. उजव्या हाताच्या माणसाला उजवीकडे, डावखुऱ्याला डावीकडे. लिलावातली चित्रं सगळी बाजूने काढलेली होती. आर्डिसने चीर विचारली, गंज विचारला, चाप विचारले. मामा कोणत्या हाताने जेवायचा हे विचारलं नाही.

वर्लिनच्या ते लक्षात यायला थोडा वेळ लागला. मग तो एवढा हसला की त्याला काउंटर धरावं लागलं. "डावखुरी! अगं आर्डिस, पंधरा वर्षं लिलावात काढलीस आणि शेवटी डावखुऱ्याची बंदूक घेऊन आलीस!" कॉफीच्या टेबलावरचेही हसले. कोणीतरी म्हणालं, आता मात्र ही भिंतीवरचीच.

आर्डिसला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा राग आला, तो स्वतःचा. ती बंदूक घेऊन गाडीत बसली आणि गाडी सुरू न करता तशीच बसून राहिली. ओपनिंगला सहा आठवडे होते.

परत पाठवायला तीन दिवस असतात. त्याला अट एक. झाडलेली बंदूक परत घेत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी कर्बी दारात हजर. गावात बातमीला पाय लागत नाहीत, ती उडतच जाते.

"आई, खोकं कुठंय? मी बांधून देतो, जाताना टाकतो."

"बस. कॉफी घे."

"मला कॉफी नको. हे बघ, झालं ते बरंच झालं असं मला वाटतं. डॉक्टरने सांगितलं होतंच. तू नाक्यावर बस, मजेत बस. तुझ्या वाटणीचे कोंबडे मी मारीन ना."

आता ही गोष्ट त्याने बोलायला नको होती. मन चांगलं होतं त्याचं, पण काही काही गोष्टी चांगल्या मनाने बोलल्या की जास्त लागतात. आर्डिसने मेजावरची बंदूक उचलली, खणातून दोन आखूड काडतुसं घेतली आणि ती अंगणात गेली. कर्बी मागोमाग, "आई, आई," करत.

तिने काडतुसं भरली. बंदूक उजव्या खांद्याकडे नेली, आणि मग ती डाव्या खांद्याला लावली. डाव्या गालाखाली लाकूड तिच्यासाठीच घडवल्यासारखं बसलं. डोळा बरोबर नळीवर. कुंपणावर गंजकी बादली पालथी घातलेली होती.

पहिला बार. बादली जागची हलली नाही. दुसरा बार. बादलीच्या मागच्या झाडावरून चिमण्या उडाल्या.

"आता ती माझी झाली," आर्डिस म्हणाली. "आणि माझ्या वाटणीचे कोंबडे मी मारीन. खोकं तुला हवं तर ने."

पुढचे सहा आठवडे तिने सगळं डाव्या हाताने केलं. दात घासले, कुलूप उघडलं, कुचनची मलई ढवळली. पहिले चार दिवस ती मलई चुलीभर झाली. गोठ्यामागे पायाने दाबायचं यंत्र होतं, त्यातून मातीच्या चकत्या उडायच्या. पहिल्या शंभर चकत्यांतल्या सात फुटल्या. उजवा डोळा जन्माची सवय सोडेना, मध्येमध्ये घुसायचा. म्हणून तिने चष्म्याच्या उजव्या काचेवर पांढरी चिकटपट्टी लावली. तशीच ती किराणा आणायलाही गेली, काढायचा कंटाळा म्हणून. कॉफीच्या टेबलावरून वर्लिन ओरडला, "समुद्री चाचे आले रे!" आर्डिसने त्याच्या बिस्किटांची थाळी उचलली आणि ती चालू पडली.

रडू आलं ते एकदाच. सप्टेंबरच्या मध्यावर, अठरा चकत्या ओळीने चुकल्या तेव्हा. ती यंत्रावर बसली, चष्मा काढला, मोकळेपणी रडली. मग नाक पुसून एकोणिसावी उडवली. तीही चुकली. पंचविसावी फुटली. महिनाअखेर दोनातली एक फुटायला लागली, ऑक्टोबरमध्ये तीनातल्या दोन. आणि तिला एक गोष्ट कळली. डावीकडे उडालेली चकती आता तिला अवघड जायची, अंग वळत नसे. पण उजवीकडे गेलेली? तिच्यामागे बंदूक आपली आपण फिरायची. जन्मभर जी बाजू तिची अडचणीची होती, तीच आता मोकळी झाली होती. तिने हे कोणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या शनिवारी साडेअकराला पंधरा-सोळा माणसं पिकअपभोवती जमली. मागच्या फळीवर उघड्या बंदुका, चिसलिकचा डबा, खारी बिस्किटं. कर्बीने बियाणं कंपनीच्या वहीतून यादी वाचायला सुरुवात केली. ही यादी पूर्वी डेल्मर वाचायचा आणि त्याचा एक नियम होता. रांगेत नातं नसतं. तिथे कोणी बाप नाही, कोणी काका नाही, नाव घ्यायचं आणि जागा सांगायची. तो बायकोलाही तसंच पुकारायचा.

कर्बीने आठ हाकारे वाचले. मग म्हणाला, "नाक्यावर, आई."

खुर्ची त्याने कोठारातून आणून पिकअपमध्ये टाकलेली होती. नारिंगी पट्टी उन्हात चमकत होती.

"रांगेत आई कधीपासून आली?" आर्डिसने विचारलं.

कर्बीने पेन कानामागे अडकवलं.

"आई, आत सऱ्या आहेत, ताटं आडवी पडलीत. तू पडलीस तर?"

"पडले तर मक्यात पडेन. खुर्चीवरून पडायला मी सहा आठवडे मेहनत नाही केली."

"यादी मी करतो."

"कर ना. पण नीट कर. उजव्या टोकाला कोण आहे?"

कर्बीने वही बघितली. "वर्लिन."

"आणि गेल्या वर्षी उजव्या टोकाला कोण होतं?"

"वर्लिनच."

"ओढ्याकडे किती कोंबडे निसटले, वर्लिन?"

वर्लिनने टोपी काढून डोकं खाजवलं. उजवीकडे ओढा, ओढ्यात लव्हाळं, आणि शहाणा कोंबडा दर वेळी तिकडेच उठतो. पूर्वी त्या टोकाला मिलफर्ड असायचा. तो डावखुरा होता, उजवीकडे सहज वळायचा. तो अ‍ॅरिझोनाला लेकीकडे गेला आणि तेव्हापासून ते टोक फाटक्या खिशासारखं गळत होतं.

"अकरा," वर्लिन म्हणाला. "मोजले नाहीत असं कसं म्हणू?"

"तुम्ही सगळे उजवे," आर्डिस म्हणाली. "त्या बाजूला वळताना तुमची कंबर अडते. माझी अडत नाही. दया करून जागा देऊ नकोस, कर्बी. मला ती नको. शेताला काय हवंय ते बघ."

कर्बीने वहीचं पान उलटलं आणि पुन्हा सरळ केलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, लहानपणी व्हायच्या तशा. "एक फेरी," तो शेवटी म्हणाला. "एकच. वर्लिन, तू नाक्यावर जा."

बाराला रांग मक्यात शिरली. आर्डिसच्या डोळ्याला पट्टी, हातात पावणेसहा पौंड. सऱ्या खरंच वाईट होत्या, ते कर्बीचं खोटं नव्हतं. दोनदा तिचा पाय मुरगळता मुरगळता वाचला. खांदा ठणकत होता, श्वास वाजत होता, आणि तिला आयुष्यात इतकं बरं क्वचितच वाटलं असेल. डावीकडे बार वाजत होते. "मादी, मादी!" कोणी ओरडलं, आणि नळ्या खाली गेल्या; मादी मारायची नसते.

अर्ध्या शेतावर तिच्या पायातून कोंबडा उठला. ओरडत, शेपटी लांब, उजवीकडे, सरळ ओढ्यावर. पहिला बार मागे पडला. तिने नळी फिरतीच ठेवली, थांबवली नाही, आणि दुसरा ओढला. कोंबडा लव्हाळ्याच्या अलीकडे पडला. कर्बीचा कुत्रा धावला.

रांगेतून कोणी शाबास म्हटलं नाही. रांगेत म्हणत नाहीत. सगळे थांबले, तिने काडतुसं बदलली, सगळे पुन्हा चालू लागले. पुढे तिने एक चुकवला. आणि अगदी शेवटी, नाक्याच्या जरा अलीकडे, अजून एक पाडला.

ती मक्यातून बाहेर आली तेव्हा वर्लिन खुर्चीवर बसलेला होता, गोल खाचेत कॉफी ठेवून.

"खुर्ची छान आहे, आर्डिस," तो म्हणाला.

"तुलाच राहू दे."

ती पिकअपला टेकली, बंदूक उघडी करून हातावर घेतली. कर्बी पाणी प्यायला, तोंड पुसलं, वही उघडली. पुढचं शेत ओढ्याच्या पलीकडचं, दुप्पट लांब. एक फेरी म्हणाला होता. सगळ्यांना आठवत होतं, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघत होते.

कर्बीने आईकडे पाहिलं नाही. त्याने वहीतलं एक नाव खोडलं, वर काहीतरी लिहिलं आणि बापाच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"उजवं टोक," तो म्हणाला, "आर्डिस."